कुन-वू पाइक यांचे पियानोवादन : समग्रतेचा प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वादकाच्या कर्तृत्वाचा विचार करू लागताच एक अडचण उभी राहते. हा वादक जे वाजवितो ते त्याचे नसते. स्वरांचा क्रम, त्यांची कालमर्यादा, त्यांवरील जोर, पुष्कळदा कोणता स्वर कोणत्या बोटाने घ्यावयाचा हेसुद्धा, दुसऱ्या कोणी तरी शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलेले असते. ख्यालगायक बंदिशीच्या दोन-चार ओळी घेऊन तासभर जे उभे करतो ते त्याच बैठकीत जन्मास येते. पियानोवादकास तशी मुभा नाही. मग त्याच्या कलाजीवनाचा विकास दाखवावयाचा तो कशाच्या आधारे? कवीच्या बाबतीत त्याचे संग्रह समोर असतात. वादकाच्या बाबतीत समीक्षा बहुधा तीन गोष्टींचा आश्रय घेते : त्याने जिंकलेल्या स्पर्धा, त्याने गाजविलेली सभागृहे, आणि 'तंत्रशुद्ध', 'संवेदनशील' यांसारखी विशेषणे. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे केवळ नोंदी होत, आणि तिसरी कोणत्याही चांगल्या वादकास लावता येते.

कोरियन पियानोवादक कुन-वू पाइक यांचे कलाजीवन ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. साठ वर्षांहून अधिक काळ पसरलेल्या ह्या वादनाचे मूळ परिमाण मैफल हे नाही, पारितोषिक तर नाहीच नाही. ते परिमाण म्हणजे एकेक संगीतकार होय. एका संगीतकाराची रचना हाती घ्यावयाची ती एकटी घ्यावयाची नाही, त्याचे त्या क्षेत्रातील सगळे लेखन वाचावयाचे, सगळे वाजवावयाचे, आणि मगच पुढच्याकडे वळावयाचे, अशी ही पद्धती आहे. ह्या समग्रतेतून रसिकाच्या पदरात नेमके काय पडते, आणि ती कोठे नुसती संख्यापूर्ती होऊन बसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पाइक यांचा जन्म १९४६ साली सेऊल येथे झाला. दहाव्या वर्षी त्यांनी वाद्यवृंदासह ग्रीगचा कॉन्चेर्टो वाजविला, आणि १९६१ मध्ये, पंधराव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला गेले. ज्युलियार्ड विद्यालयात रोझिना लेव्हिन यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १९५८ मध्ये मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा जिंकणारा व्हॅन क्लायबर्न हा याच बाईंचा शिष्य. पुढे लंडनमध्ये इलोना काबोश आणि इटलीत ग्विदो आगोस्ती व विल्हेल्म केम्फ यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. एका घराण्याचा शिक्का ह्या वादनावर नाही. रशियन, हंगेरियन, इटालियन आणि जर्मन अशा चार परंपरा त्यात येऊन मिळालेल्या आहेत. १९७१ मध्ये त्यांना न्यूयॉर्कचे नॉम्बर्ग पारितोषिक मिळाले.

त्या काळच्या कोरियात आंतरराष्ट्रीय पारितोषिकाला कोणते मोल होते हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९५३ च्या युद्धविरामानंतर उद्ध्वस्त झालेल्या देशाला जगासमोर मिरविता येण्याजोगे फार थोडे होते. हान तोंग-इल यांनी १९६५ मध्ये लेव्हेन्ट्रिट स्पर्धा जिंकली, आणि चुंग म्युंग-व्हुन यांनी १९७४ मध्ये चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरे स्थान मिळविले, तेव्हा चुंग यांची सेऊलच्या रस्त्यांवरून मोटारीतून मिरवणूक निघाली. ठराविक स्पर्धांत यश मिळविणाऱ्या कलावंतांना सक्तीच्या लष्करी सेवेत सवलत देणारी तरतूद १९७३ मध्ये तेथे झाली होती. म्हणजे वादकाचे यश ही त्या राष्ट्राने जपून ठेवण्याची मालमत्ता झाली होती. पारितोषिक हातात घेऊन उभ्या असलेल्या पंचवीस वर्षांच्या वादकासमोर असा मळलेला व लाभदायक मार्ग असताना त्याने पुढच्याच वर्षी जे केले ते म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

१९७२ मध्ये पाइक यांनी न्यूयॉर्कच्या ॲलिस टली सभागृहात रॅव्हेलच्या पियानोवरील सर्व एकल रचना सादर केल्या. रॅव्हेलची निवड सोपी नव्हती. 'गास्पार द ला न्वी' ही १९०८ ची त्रिखंडी रचना कोणत्याही होतकरू वादकाला मोहात पाडते, कारण तिच्यात हाताची कसोटी आहे आणि त्या कसोटीला श्रोत्यांच्या टाळ्या हमखास मिळतात. ती एकटी वाजविली म्हणजे रॅव्हेल हा आतषबाजीचा संगीतकार वाटू लागतो. परंतु तिच्या अवतीभोवती 'हायडनच्या नावावरील मिनुएट', बोरोदिन व शाब्रिए यांच्या ढंगाने लिहिलेली दोन छोटी पाने, 'सोनातिन', आणि शेवटी 'ल तोंबो द कूपराँ' हे सगळे ऐकावयास मिळाले की निराळेच चित्र दिसू लागते. हा संगीतकार स्वतःच्या आवाजात बोलण्यास सतत कचरणारा आहे. तो दुसऱ्याच्या घाटाचा आडोसा घेतो. 'तोंबो'चे सहा खंड पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या मित्रांच्या स्मृतीस अर्पण केलेले आहेत, पण त्यांत आक्रोश नाही. अठराव्या शतकातील नृत्यांचा नेटका पदन्यास तेवढा आहे. दुःखावर घातलेले हे शिष्टाचाराचे वस्त्र त्या दोन विनोदी पानांच्या शेजारी ठेवल्यावर ओळखू येते. लहान रचनांनी मोठ्या रचनेचा अर्थ बदलतो. समग्रतेचा पहिला लाभ हाच, आणि तो स्वरांच्या अचूकतेहून निराळ्या कोटीतला आहे.

मात्र समग्र वादन केले की हा लाभ आपोआप होतो, असे मानण्याचे कारण नाही. त्यासाठी वादकाने लहान रचनेलाही मोठीइतकेच लक्ष दिले पाहिजे. पाइक यांच्या वादनाचा सर्वांत ठळक गुण कोणता असेल तर तो हा. ते रचनांत उच्चनीच करीत नाहीत. त्यांचा स्वर काहीसा काळोखा, वजनदार आणि खालच्या सप्तकात रुजलेला असतो. वरच्या पट्ट्यांवरील चमक ते सहसा दाखविण्यासाठी म्हणून दाखवीत नाहीत. ह्या स्वभावाची किंमतही त्यांना कधीकधी मोजावी लागते, आणि तिचा विचार पुढे येईलच.

ह्या पद्धतीचे सर्वांत भरीव फळ म्हणजे प्रोकोफिएव्हच्या पाचही कॉन्चेर्टोंचे ध्वनिमुद्रण होय. १९९१ मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथे, अंतोनी वित यांच्या संचालनाखाली, पोलिश राष्ट्रीय नभोवाणी वाद्यवृंदासह ते करण्यात आले. ह्या पाचांपैकी मैफलींत सदैव ऐकू येतो तो तिसरा. १९२१ मध्ये शिकागो येथे तो प्रथम सादर झाला आणि तेव्हापासून त्याने आपल्या भावंडांना जवळजवळ झाकून टाकले. तिसऱ्याच्या आधाराने बनलेली प्रोकोफिएव्हची प्रतिमा पोलादी, खट्याळ व चपळ अशी आहे. पाचही एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला ही प्रतिमा टिकविता येत नाही. पहिला एका विद्यार्थ्याचा उद्धट पराक्रम आहे. त्याच्याच जोरावर प्रोकोफिएव्हने १९१४ मध्ये पीटर्सबर्गच्या विद्यालयातले रुबिन्श्टाइन पारितोषिक मिळविले. दुसरा १९१३ मध्ये सादर झाला, क्रांतीच्या धामधुमीत त्याची हस्तलिखित संहिता नष्ट झाली आणि संगीतकाराला १९२३ मध्ये तो पुन्हा लिहावा लागला. चौथा १९३१ चा; पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनश्टाइनसाठी तो केवळ डाव्या हाताकरिता लिहिलेला. विटगेनश्टाइनने तो कधीच वाजविला नाही, आणि १९५६ पर्यंत, म्हणजे संगीतकाराच्या मृत्यूनंतर तीन वर्षेपर्यंत, तो कोणी ऐकलाच नाही. पाचवा १९३२ चा, पाच खंडांचा, तुटक आणि काहीसा थकलेला.

दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या खंडात वाद्यवृंद जवळजवळ संपूर्ण बाजूला होतो आणि एकटा पियानो कित्येक मिनिटे मूळ स्वरविषय घेऊन वाढवीत नेतो. वाद्यवृंदाशी संवाद करावयाचा तो खंड ह्या ठिकाणी एका माणसाचे स्वगत बनतो. पुष्कळ वादक ह्या भागाच्या आरंभीच ताण शिगेला नेतात, मग पुढे चढावयास जागाच उरत नाही. पाइक तेथे कमालीचा संयम राखतात. आरंभीची पाने ते जवळजवळ सपाट ठेवतात, खालच्या सप्तकातील स्वर एकावर एक रचीत जातात, आणि पितळी वाद्ये पुन्हा प्रवेश करतात तेव्हा आधी नुसती ओझ्यासारखी वाटलेली ती रास कोसळते. ह्या एका भागासाठीसुद्धा ते मुद्रण ऐकावे. चौथ्या कॉन्चेर्टोत त्यांच्या स्वराचा काळोखा गुण आणखी कामी येतो, कारण तेथे सारे संगीत मुळातच डाव्या हाताच्या मुलखात वसलेले आहे. उलट तिसऱ्याच्या शेवटच्या खंडात मार्था आर्गेरिच यांच्या वादनाची सवय असलेल्या कानाला काहीतरी कमी पडल्यासारखे वाटेल; तेथला खट्याळपणा पाइक यांच्या हाती थोडा गंभीर होतो. ही ती किंमत. परंतु पाचांचा संच म्हणून विचार केला तर हे गांभीर्य खटकत नाही. तिसरा कॉन्चेर्टो आपल्या भावंडांत परत येऊन बसतो, एवढेच.

ह्यानंतरच्या वर्षांत बाखच्या रचनांची बुसोनीने केलेली पियानो-रूपांतरे, फोरेच्या निवडक रचना, आणि वित यांच्याच संचालनाखाली वॉर्सा फिल्हार्मोनिकसह शोपँच्या पियानो व वाद्यवृंद यांसाठीच्या सर्व रचना ही मुद्रणे झाली. त्यांपैकी बुसोनीचा प्रकल्प सैद्धांतिक दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संगीतविषयक निबंधात बुसोनीने असे प्रतिपादन केले होते की, मनातील कल्पना कागदावर उतरविणे हेच मुळी एक रूपांतर आहे. मूळ कल्पनेचे पूर्ण स्वरूप संहितेतही नसते. हे मान्य केले तर वादकाच्या पारतंत्र्याचा जो प्रश्न आरंभी मांडला त्याचे स्वरूपच बदलते. संहिता हा अंतिम शब्द राहत नाही, ती एक साक्ष ठरते. आणि साक्ष तपासावयाची तर साक्षीदाराचे एकच वाक्य घेऊन भागत नाही, त्याची सगळी जबानी ऐकावी लागते. पाइक यांचे गुरू आगोस्ती हे स्वतः बुसोनीचे विद्यार्थी होते. ह्या परंपरेतून पाइक यांनी बुसोनीचे स्वातंत्र्य मात्र उचललेले नाही. संहितेत फेरफार करण्याकडे त्यांचा कल कधीच दिसत नाही. त्यांनी उचलली ती चौकस वृत्ती.

आता बेथोव्हेन. पाइक यांच्या कीर्तीचा हा सर्वांत मोठा आधार, आणि चिकित्सेला सर्वांत जास्त वाव असलेला भागही हाच. बत्तीसही सोनाटांचे मुद्रण त्यांनी २००५ ते २००७ ह्या काळात प्रसिद्ध केले आणि डिसेंबर २००७ मध्ये सेऊलच्या कला केंद्रात सात दिवसांत आठ मैफली करून ते सारे सलग वाजविले. साठी ओलांडलेल्या वादकाने हे करावे ही गोष्ट शारीरिक व मानसिक सामर्थ्याच्या दृष्टीने असामान्य आहे, ह्यात शंका नाही. परंतु समीक्षेने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. हा सप्ताह कलेच्या अंतर्गत गरजेतून निर्माण झाला, की तो एक विक्रम होता?

मुद्रणांची मांडणी पाहिली तर पहिल्या पर्यायाच्या बाजूने काही सांगता येते. पाइक यांनी आरंभ पहिल्या सोनाटापासून केला नाही; प्रथम प्रसिद्ध झाल्या त्या सोळा ते सव्वीस ह्या मधल्या सोनाटा. ह्या टप्प्यात एकविसावा 'वाल्डश्टाइन' आणि तेविसावा 'आपासिओनाता' ही दोन शिखरे आहेत व त्यांच्यामध्ये बाविसावा, ओपस ५४, हा दोनच खंडांचा, जवळजवळ विसरला गेलेला सोनाटा आहे. सुट्या मैफलीत त्याला कोणी हात लावीत नाही. दोन शिखरांच्या मध्ये ऐकला म्हणजे मात्र तो खोडकर मिनुएट आणि त्यानंतरची ती न थांबणारी धाव म्हणजे मोठ्या शब्दांचा कंटाळा आलेल्या माणसाने स्वतःची केलेली थट्टा आहे असे वाटू लागते. पाइक यांनी ह्या सोनाटाला दिलेले वजन हा त्या संचातील एक सुखद शोध आहे.

पण त्याच टप्प्यातील एकोणीस व वीस क्रमांकांच्या सोनाटांचे काय? ह्या ओपस ४९ मधील दोन सोप्या रचना बेथोव्हेनने तारुण्यात लिहिल्या होत्या, त्या प्रसिद्ध करण्याची त्याची इच्छा नव्हती. १८०५ मध्ये त्या बाहेर आल्या म्हणून त्यांना हा क्रमांक मिळाला. क्रमांकाच्या आधाराने उभी केलेली समग्रता येथे फसवी ठरते : 'वाल्डश्टाइन'च्या आधी त्या येतात ते विकासक्रमामुळे नव्हे, छापखान्यामुळे. सात दिवसांत बत्तीस सोनाटा ऐकणाऱ्या श्रोत्याला हा भेद जाणवण्यास फुरसत राहते का? दिवसाला चार-पाच सोनाटा, आणि शेवटी अखेरच्या तीन सोनाटांपर्यंत येताना श्रोत्याची ग्रहणशक्ती व वादकाचे हात दोन्ही शिणलेले. एकशे अकराव्या ओपसचा दुसरा खंड ऐकण्यासाठी जी रिकामी जागा मनात लागते ती आधीच्या एकतीस सोनाटांनी भरून टाकलेली असते. रॅव्हेलचे सारे एकल लेखन दोन-अडीच तासांत मावते, म्हणून तेथे भाग आणि संपूर्ण यांचे नाते कानात धरून ठेवता येते. बेथोव्हेनच्या बाबतीत ते शक्य नाही. समग्रता वाचनालयात शोभते, मैफलीत तिला प्रमाण लागते. २०१७ मध्ये पाइक यांनी हे चक्र पुन्हा एकदा वाजविले, पण तत्पूर्वी कित्येक महिने ते देशातील इतर शहरांतून ह्याच सोनाटा घेऊन हिंडत होते. सप्ताहापेक्षा हा प्रवास अधिक श्रेयस्कर म्हटला पाहिजे.

प्रवासाचा विषय निघालाच आहे तर एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. सप्टेंबर २०११ मध्ये पाइक यांनी कोरियातील योनप्योंग, विदो व योकजी ह्या बेटांवर जाऊन मैफली केल्या. त्यांपैकी योनप्योंग हे उत्तर कोरियाच्या सीमेलगतचे बेट. आदल्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यावर उत्तरेकडून तोफांचा मारा झाला होता. १९७७ मध्ये युगोस्लाव्हियातील झाग्रेब येथे ह्याच वादकाला व त्यांच्या पत्नी, अभिनेत्री युन जोंग-ही, यांना खाजगी मैफलीच्या निमित्ताने बोलावून उत्तर कोरियाला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या की कथा आपोआप तयार होते. तिचा वादनाशी संबंध जोडण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे.

कारण असा मोह पुढे अधिकच बळावतो. युन जोंग-ही यांनी २०१० च्या 'कविता' ह्या ली चांग-तोंग दिग्दर्शित चित्रपटात स्मृती हरवू लागलेल्या वृद्ध स्त्रीची भूमिका केली. त्यांना स्वतःलाही तोच आजार जडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसनजीक त्यांचे निधन झाले. ह्या मधल्या काळात, २०२० मध्ये, पाइक यांचा शूमानच्या रचनांचा संच प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ ओपस १, 'आबेग व्हेरिएशन्स' ह्या तरुण वयातील खेळकर रचनेने होतो आणि शेवट फेब्रुवारी १८५४ मधील त्या व्हेरिएशन्सनी, ज्यांचा स्वरविषय आपल्याला आत्म्यांनी ऐकविला असे शूमान मानीत असे. हा स्वरविषय वस्तुतः त्याच्याच व्हायोलिन कॉन्चेर्टोत आधी येऊन गेला होता. मन ढासळत चाललेल्या संगीतकाराला तो आपला आहे हे ओळखता आले नाही. रचना चालू असतानाच त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली, वाचविला गेला, आणि परत येऊन ती पुरी केली. क्लाराला अर्पण केलेली ही रचना १९३९ पर्यंत छापली गेली नव्हती.

पत्नीची स्मृती विरत असताना पतीने हे संगीत वाजविले, एवढे सांगून थांबणारी समीक्षा श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आणील, पण संगीताबद्दल काहीच सांगणार नाही. वादनात काय आहे ते पाहावे. पाइक येथे कारुण्याला मुद्दाम हात घालीत नाहीत. स्वरविषय ते प्रार्थनेसारखा सरळ वाजवितात. एकेका आवर्तनात त्याच्याभोवती दुसरे स्वर जमत जातात, पण मूळ ओळ कोठेच हलत नाही, आणि शेवटच्या आवर्तनात ती धुरकट होते तेव्हाही पाइक लय ओढीत नाहीत. समग्रतेची जुनी पद्धत येथे त्यांनी सोडलेली आहे. शूमानचे सगळे लेखन ह्या संचात नाही. पहिली आणि शेवटची रचना ही दोन टोके आहेत व मधल्या रचना निवडलेल्या आहेत. पण सगळे वाचून झालेल्या माणसाने केलेली ही निवड आहे, हे टोकांच्या निवडीतच दिसते. दोन्ही रचना व्हेरिएशन्सच. पहिलीत तरुण संगीतकार एका नावाच्या अक्षरांतून स्वर काढून खेळतो, शेवटचीत वृद्ध न झालेला पण संपत आलेला तोच माणूस आपल्याच स्वरांना परके समजतो. बेथोव्हेनच्या सप्ताहाला जे साधले नाही ते ह्या निवडक संचाला साधले आहे. २०२२ मध्ये ग्रानादोसच्या 'गोयेस्कास'चे आणि २०२४ मध्ये मोत्सार्टच्या रचनांचे मुद्रण पाइक यांनी केले; मोत्सार्टच्या संचात सोनाटांबरोबर लहान व सुट्या रचनांना त्यांनी जी जागा दिली आहे ती पाहता रॅव्हेलच्या वेळची दृष्टी शाबूत असल्याचे कळते.

कोरियन पियानोवादनाचे चित्र ह्या दरम्यान पुष्कळ पालटले. चो सोंग-जिन यांनी २०१५ मध्ये वॉर्साची शोपँ स्पर्धा जिंकली, लिम युन-चान यांनी २०२२ मध्ये अठराव्या वर्षी क्लायबर्न स्पर्धा जिंकली, आणि स्पर्धा हाच कोरियन वादकाचा राजमार्ग असा समज अधिकच दृढ झाला. म्हणूनच चो यांनी २०२५ मध्ये, रॅव्हेलच्या दीडशेव्या जन्मवर्षी, त्याच्या सर्व एकल रचनांचे मुद्रण प्रसिद्ध करून त्या मैफलींतूनही सादर केल्या, ह्या घटनेची नोंद घेणे अगत्याचे आहे. पाइक पारितोषिकानंतर एका वर्षाने ह्या रचनांकडे वळले होते, चो दहा वर्षांनी. दोघांच्या रॅव्हेलमधील फरक सहज ऐकू येतो : चो यांचा स्वर अधिक पारदर्शक, वरच्या पट्ट्यांवर अधिक मोकळा आहे, आणि 'गास्पार'मधील पाण्याचे तुषार त्यांच्याकडे खरोखरच उजेडात उडतात. 'तोंबो'तील मिनुएटपाशी मात्र, जेथे मधल्या भागात स्वर खाली उतरून जड पावलांनी चालू लागतात, तेथे थोरल्या वादकाच्या त्या काळोख्या, वजनदार स्वराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.